मोजदाद नसलेलं रान

गडचिरोलीचा माणूस आहे असं कळलं, की बाहेरची मंडळी दोन वाक्यं हमखास बोलतात. पहिलं, "तिकडं राहायला भीती नाही वाटत?" आणि मग थोडं थांबून दुसरं, "पण काही म्हणा, नक्षलवाद्यांमुळे तुमचं जंगल तरी राहिलं." हे दुसरं वाक्य मी नागपूरच्या बसस्टँडवर ऐकलं, पुण्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकलं, आणि आमच्या आलापल्लीच्या टपरीवरसुद्धा ऐकलं. तिथं ते असं असतं : "काहीई म्हना जी गुरुजी, दादालोक होते म्हनून रान रायलं. नाहीतर आतापावेतो सारं बल्लारशाच्या रेल्वेत भरून गेलं असतं."

टपरीवर मी वाद घालत नाही. चहा पितो, पैसे देतो, निघतो. पण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते नीट उलगडून पाहावंसं वाटतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची गोष्ट आहे. ज्यांनी ती रानात राहून पाहिली ती माणसं आता कमी होत चालली.

वाक्य अगदी खोटं नाही. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांतल्या कित्येक टापूंत वर्षानुवर्षं कूप पडले नाहीत. म्हणजे झाडांवर हातोड्याचे शिक्के मारून, रांगेनं कटाई करून, ट्रक भरून माल डेपोत नेण्याचं काम झालं नाही. रस्ते झाले नाहीत, त्यामुळं रस्त्यामागून जे येतं तेही आलं नाही. सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तो डोंगर बराच काळ तसाच उभा राहिला. पण "राहिलं" या एका शब्दात बरंच काही झाकलं जातं.

आधी थोडं मागं जाऊ. दलम येण्याच्या आधी हे रान काही देवाच्या भरवशावर निवांत पडलेलं नव्हतं. 1858 मध्ये इंग्रजांनी बाबुराव शेडमाकेंना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जंगलाला कायदे लागले. राखीव, संरक्षित, नाका, पास, दंड हे शब्द माडिया-गोंडांच्या बोलीत तेव्हापासूनचे. आलापल्लीचं सागवान नावाजलेलं होतं. दोन्ही महायुद्धांत लष्कराला लाकूड हवं होतं आणि देशभरातल्या जंगलांवर त्याचा ताण आला. पूर्वी इथं कसले सागाचे वृक्ष उभे होते ते पाहायचं असेल, तर आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाचा छोटा तुकडा राखून ठेवला आहे. त्या झाडांना कवळा घालायला तीन-तीन माणसं लागतात. मी शाळेची सहल तिथं न्यायचो. एका पोरानं विचारलं होतं, "गुरुजी, सारं रान असंच होतं का?" होतं, म्हणालो, बरंचसं.

आणि आणखी एक युद्ध इथवर येऊन पोचलं, ज्याचा विचार आपण युद्ध म्हणून करत नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उखडलेली माणसं. 1958 साली केंद्र सरकारनं दंडकारण्य प्रकल्प काढला. बस्तर आणि कोरापुट हे त्याचे मुख्य जिल्हे, पण काही वस्त्या आमच्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही आल्या. मुलचेरा, चामोर्शीकडं जा, अजून बंगाली ऐकू येते, घराघरामागं मासळीचं तळं दिसतं. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावांची नावंच सांगतात की ती इथल्या मातीतून उगवलेली नाहीत. जिथं ही गावं वसली तिथं आधी रान होतं. ते तोडून धानाच्या बांध्या पाडल्या. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. नदीकाठची, बोटीवरची माणसं आणून सालई-धावड्याच्या रानात सोडली, त्यांनी हातात कुऱ्हाड घेतली नसती तर काय खाल्लं असतं? पण हिशेब तर मांडायला हवा. ढाक्याकडं पेटलेल्या आगीत चांद्याचं रान तुटलं. माणूस उखडला की तो जिथं पडतो तिथलं झाड आधी जातं. हे आम्ही दलम यायच्या वीस वर्षं आधीच पाहिलं होतं.

दलम आलं 1980 मध्ये. त्याच साली आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर हा पक्ष काढला आणि त्याची पथकं गोदावरी ओलांडून सिरोंच्यात उतरली. ती का रुजली हे सांगायला मोठा अभ्यास नको. तेंदूपानाच्या पुडक्याला पैशांत मजुरी होती. बांबू तोडणाऱ्याला दिवसभर राबून पोटापुरतं मिळत नव्हतं. नाक्यावरून मोळी न्यायची तर कोंबडं द्यावं लागे, आणि रानातून घराला वासे आणले तर दंडाची पावती मिळेच असं नाही, मार मात्र मिळे. दादालोकांनी तेंदूचा संप करवला आणि दर वाढले. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. आज कोणी काहीही म्हणो, तेव्हा गावांनी त्यांना भाकर दिली ती नुसत्या भीतीपोटी नव्हती. भीती नंतर आली. 'खबऱ्या' म्हणून रात्री घरातून ओढून नेलेली माणसं सकाळी रस्त्यावर पडलेली, हे सगळं नंतरचं. 8 ऑक्टोबर 2009 ला लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले, त्यातही इथलीच पोरं होती.

हे मी का सांगतो, तर माझे बाबा नाकेदार होते. म्हणजे वनरक्षक, पण लोक नाकेदारच म्हणायचे. एटापल्लीच्या आत एका बिटावर त्यांची नोकरी झाली. खाकी शर्ट, हातात कुऱ्हाड, सायकल. बंदूक त्यांच्याकडं कधीच नव्हती. लोकांच्या रागाला आणि दलमच्या रागाला सगळ्यात आधी सापडायचा तो असा सायकलवाला माणूस. साहेब तालुक्याला असायचे.

बाबांचं काम मला फार आवडायचं. वाघाची मोजणी तेव्हा पायाच्या ठशांवरून होई. एक काचेचा चौकोन, त्यावर पारदर्शक कागद; काच ठशावर धरायची आणि पेनानं कडा गिरवायची. मऊ मातीत ठसा चांगला उमटला असेल तर प्लास्टर ओतून साचा काढायचा. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणीवर बसायचं आणि चांदण्यात पाण्यावर येईल ते लिहायचं : चितळ इतकी, सांबर इतके, अस्वल एक, रानडुकरं अनेक. एकदा मलाही नेलं होतं. रात्रभर डास चावले आणि पहाटे दोन गवे आले. बाबांनी बहीत "गवा – 2" एवढंच लिहिलं. मला वाटलं होतं, काहीतरी जास्त लिहायला पाहिजे.

मग एका वर्षी वनखात्याच्या एका झोपडीला आग लागली. लागली म्हणजे लावली. बाबांना निरोप आला, रानात फिरायचं नाही, खाकी घालायची नाही. निरोप कोणी आणला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आईनं खाकी शर्ट ट्रंकेत तळाशी घातला, वर गोधडी ठेवली. ती म्हणायची, "अजी, सरकारची नौकरी सोडा म्हनत नाही, पर रानाची सोडा." त्यानंतर बाबा बिटावर जायचे ते लुंगी-बनियनवर, बैल शोधायला निघालेल्या माणसासारखे, आणि रस्ता सोडून आत जात नसत. मोजणीचे दिवस आले. वरून कागद आले. कागदात रकाने होते आणि ते भरून द्यायचे होते. ते भरले गेले. मागच्या सालचेच आकडे, एखाददुसरा इकडं-तिकडं. असं एकट्या बाबांनी केलं असं कोणी समजू नये. त्या पट्ट्यात बऱ्याच बिटांचे रकाने असेच भरले गेले, आणि खाली सही घेणाऱ्यालाही ते ठाऊक होतं.

मला वाटतं, आमच्या रानाचं पहिलं मोठं नुकसान हेच. कुऱ्हाडीनं झालेलं नुकसान दिसतं. डोळे गेले ते दिसत नाही.

जे थांबलं ते सांगितलं, आता जे थांबलं नाही ते सांगतो. तेंदू थांबला नाही. लढाईच्या सगळ्या वर्षांत एकदाही मे महिन्यात तेंदूच्या फळ्या लागल्या नाहीत असं फारसं झालं नाही, कारण त्या पानावर मजुराचं पोट होतं, ठेकेदाराचा नफा होता, आणि ठेकेदाराकडून दलमला मिळणारी खंडणीही होती. तेंदूला नवी, लुसलुशीत पानं फुटावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये रानात आग लावतात. खरं तर खुटाकटाई करायची असते, म्हणजे झुडपं छाटायची, पण आग स्वस्त पडते. मोह वेचायला खालचा पालापाचोळा जाळतात तेही आहेच. पूर्वी जाळरेषा काढायच्या, म्हणजे पट्टा आधीच जाळून साफ ठेवायचा की आग पुढं सरकू नये. आगीवर लक्ष ठेवायला हंगामी मजूर लावायचे. फिरायलाच बंदी आली तिथं जाळरेषा कोण काढणार? ज्या रानाला "वाचलं" म्हणतात ते दर उन्हाळ्यात पायापासून जळत होतं. मोठं झाड तगतं. पण जमिनीवर घरटं करणारा पक्षी, ससा, कासव आणि दोन वर्षांचं सागाचं रोप तगत नाही.

बांबूचंही तसंच. बांबू तोडला नाही की वाचला, असं शहरातल्या माणसाला वाटतं. बांबूच्या रांजीतला पिकलेला बांबू काढला नाही तर रांजी आतून गच्च होते, नवे कोंब वाकडे निघतात, आणि आग लागली तर तीच रांजी भट्टीसारखी पेटते. तोडणारा लुटारू नको हे खरं, पण तोडणारा अजिबात नको असं रान सांगत नाही.

शिवाय दोन्ही बाजूंच्या कामाला झाडं लागत. 'शहीद सप्ताह' लागला किंवा बंद पुकारला की रातोरात रस्त्यावर झाडं आडवी. ती बारकी नसत. रस्त्याकडची जुनी मोहाची, ऐनाची, करूची झाडं. बस अडवायची तर मोठं झाडच हवं. मग पोलीस यायचे, सुरुंगाची शंका तपासून झाड बाजूला सारायचे, आणि पुढं पुन्हा कोणी दबा धरून बसू नये म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांचं रान साफ केलं जायचं. एक रस्ता अडवायला तोडी, दुसरा रस्ता दिसायला तोडी. सुरुंगाला माणूस आणि जनावर कळत नाही हे तर आहेच. गावाची गुरं किती गेली याची नोंद कुठल्याच वहीत नाही. परवा, 2025 च्या जुलैत, झारखंडच्या सारंडा जंगलात सुरुंगानं पाय फुटलेला हत्ती मेला तेव्हा पेपरात फोटो आला. हत्ती मोठा म्हणून दिसला.

शिकलेल्या लोकांना हे सांगितलं की ते कोरियाचं उदाहरण देतात. तिथं 1953 च्या युद्धबंदीनंतर दोन देशांच्या मध्ये चार किलोमीटर रुंदीचा जवळजवळ निर्मनुष्य पट्टा राहिला आणि त्यात क्रौंच पक्ष्यांसारखे दुर्मीळ जीव सुखानं राहतात. खरं आहे. पण मोझांबिकचं गोरोंगोसा अभयारण्यही आहे. तिथं 1977 ते 1992 यादवी युद्ध चाललं. सैनिकांनी मांसासाठी जनावरं मारली, हस्तिदंत विकून बंदुका घेतल्या, आणि युद्ध संपलं तेव्हा मोठ्या जनावरांतली नव्वद टक्क्यांहून जास्त संपली होती. फरक सरळ आहे. कोरियाच्या पट्ट्यात फारसं कोणी राहत नाही, लढतही नाही; दोन्हीकडून नुसते रोखून बसले आहेत. आमच्याकडं लोक रानात राहतात, लढणारे रानात राहतात, आणि सगळ्यांचं जेवण रानातून येतं.

आता नदीपलीकडं जावं लागेल. इंद्रावती ही आमची आणि छत्तीसगडची शीव. भामरागडला ती पामुलगौतम आणि पर्लकोट्याला भेटते आणि पुढं गोदावरीकडं निघते. पलीकडच्या काठाला बिजापूर, आणि तिथं इंद्रावती व्याघ्र प्रकल्प, 1983 पासूनचा. जून 2005 मध्ये पलीकडं सलवा जुडूम सुरू झालं. नक्षलवाद्यांविरुद्ध लोकांचीच चळवळ असं म्हणायचे. प्रत्यक्षात गावंच्या गावं रस्त्याकडच्या छावण्यांत आणली गेली. जी आली नाहीत त्यांची घरं जळाली. एका बाजूनं जुडूम, दुसऱ्या बाजूनं दलम. सहाशेच्या वर गावं रिकामी झाली असं सांगतात. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं हा सगळा प्रकार घटनाबाह्य ठरवला, पण तोवर सहा पावसाळे गेले होते.

मी तेव्हा भामरागड तालुक्यात शाळेवर होतो. 2006 च्या पावसाळ्याआधी वर्गात चार-पाच नवी पोरं येऊन बसली. दाखला नाही, जन्मतारीख नाही. कोणाच्या घरची, विचारलं तर गावातलेच कोणी सांगत, "आमच्या सोयऱ्याची आहेत." सोयरे नदीच्या दोन्ही काठांना असतातच, सरकारची शीव सोयरिकीला माहीत नाही. त्या पोरांबरोबर त्यांचा आजा आला होता. मला माडिया बऱ्यापैकी येते, शाळेच्या वळचणीला बसून आम्ही बोलायचो. तो सांगायचा त्यात घर जळाल्याचं कमी असे. म्हशींचं जास्त असे. रात्री पळताना दावणीची गाठ सुटेना म्हणून त्यानं दावं कापलं आणि म्हशी रानात हाकलल्या. त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या दिशेनं गेला, गोदावरीकडं, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात.

तिकडं हजारोंनी लोक गेले. त्यांना तिथं गुत्तीकोया म्हणतात. मिरची तोडायच्या कामाला लागले, आणि राहायला रान धरलं. झाडं तोडून, जाळून, पोडूची शेती केली. तिथल्या वनखात्यानं झोपड्या मोडल्या, लोकांनी पुन्हा बांधल्या, प्रकरणं कोर्टात गेली. म्हणजे इंद्रावतीकाठी जी कुऱ्हाड थांबली म्हणून आपण खूश, ती गोदावरीकाठी पडत होती. नकाशा एवढाच पाहिला तर रान वाचलं, जरा मोठा उघडला तर सरकलं.

पण आज्याकडून मला जे कळलं ते याच्याही पुढचं होतं. मी सहज विचारलं, भाऊ तिकडं मरका पंडुम करतो का? पंडुम म्हणजे नव्याचा सण. नवा आंबा, नवा मोह, नवी भाजी, काहीही असो, गावाचा भूमिया पंडुम करेपर्यंत कोणी तोंडाला लावत नाही. फळ पिकायच्या आधी ओरबाडायचं नाही, हा त्यातला साधा हिशेब. तसंच शिवेचं. अमुक ओढ्यापर्यंत आमची शिकार, पलीकडं त्यांची. अमुक देवराईत पाऊल नाही. अमुक कुळाला कासव चालत नाही, अमुक कुळाला आणखी काही. आजा म्हणाला, तिकडं भूमिया नाही. ज्या गावाची माती त्याचाच भूमिया असतो, आणि तिथल्या मातीशी आमची ओळख नाही. मग आंबा ज्याच्या हाताला लागेल तो तोडतो, हिरवा असला तरी.

वनशास्त्राची पुस्तकं मी चाळली आहेत. हेक्टर असतात, घनमीटर असतात. उखडलेल्या गावाबरोबर नियमांचं एक अख्खं पुस्तक जळतं, आणि त्याची भरपाई ना इकडल्या रानाला मिळते ना तिकडल्या, हे मला शाळेच्या वळचणीला बसून समजलं.

आणि रिकाम्या गावांतलं रान? जनावरांचं राज्य झालं असेल असं वाटतं. इंद्रावती प्रकल्पात 2006 आणि 2010 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत नीट मोजणीच होऊ शकली नाही. दोन हजार सातशेहून जास्त चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प, आणि वाघ किती? माहीत नाही. जिथं रक्षक जात नाही तिथं शिकारी जात नाही असं थोडंच आहे. तो आडवाटेनं जातो, सापळा लावतो, आणि त्याला तर मोजणी नसणंच सोयीचं. 2023 मध्ये गुवाहाटीत वाघाचं कातडं आणि हाडं पकडली गेली, तेव्हा त्याचा धागा थेट गडचिरोलीत निघाला. बाहेर राज्यातली बावरिया टोळी इथं तळ ठोकून होती. कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागायला तिथं रोज फिरणारा माणूस लागतो.

रानम्हशीची गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. मध्य भारतातली रानम्हैस एकेकाळी या पूर्ण पट्ट्यात होती. छत्तीसगडनं तिला राज्याचा प्राणी केलं, पण उदंतीत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि तिची पैदास करण्यासाठी क्लोनिंगपर्यंत प्रयोग झाले. खऱ्या अर्थानं रानात उरलेला कळप इंद्रावतीच्या दोन काठांवर. पलीकडं व्याघ्र प्रकल्प, अलीकडं आमच्या कमलापूरच्या पुढचं कोलामार्का. कोलामार्काला 2013 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. ती तिथं टिकली यात दुर्गमपणाचा वाटा आहे, हे मी कबूल करतो. पण रानम्हशीचा मोठा वैरी बंदूक नाही, गावची म्हैस आहे. गावच्या मोकाट म्हशींशी संकर झाला की दोन-चार पिढ्यांत अस्सल रक्त उरत नाही, आणि गुरांचे रोग लागतात ते वेगळेच. ज्यांनी दावं कापून म्हशी रानात सोडल्या त्या आज्याची आठवण मला इथं येते. त्याच्या म्हशी कुठं गेल्या असतील? त्याचं एकट्याचं थोडंच घर होतं.

इकडं आमच्या काठाला आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा कमी होते. गावोगाव भरमार बंदुका होत्या, ठासणीच्या, आज्या-पणज्यांच्या. पिकाच्या राखणीला आणि शिकारीला. त्या दलमच्या हाती पडू नयेत म्हणून पोलिसांनी लोकांकडून जमा करून घेतल्या. प्राणिप्रेमी म्हणतील, बरं झालं. सांबरासाठी झालंही असेल. पण मग रानडुक्कर धानात शिरलं तर शेतकरी तार टाकतो आणि तिच्यात वीज सोडतो. भरमार एका वेळी एकच जनावर मारते आणि दुसऱ्यांदा ठासायला वेळ लागतो. विजेच्या तारेला डुक्कर, अस्वल, वाघ आणि पहाटे बाहेर निघालेला माणूस सगळे सारखेच.

2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप धानोऱ्याकडं उतरला. कमलापूरच्या कॅम्पातले पाळीव हत्ती आम्ही लहानपणापासून पाहिलेले, पण रानहत्ती कोणाच्या बापजन्मात पाहिलेला नव्हता. त्याच सुमारास वैनगंगा ओलांडून वाघ वडसा, आरमोरीकडं वाढले. सीटी-1 नावाच्या एका वाघानं 13 माणसं मारली आणि 2022 च्या ऑक्टोबरात त्याला पकडलं. उत्तरेकडं वाघ माणसाला भिडतोय आणि दक्षिणेकडं एवढं मोठं, एवढं "वाचलेलं" रान असून तिथं वाघ विरळ. असं का? दाट झाडी म्हणजे भरलेलं रान नव्हे. चितळ-सांबर नसेल तर वाघ झाडाची साल खाणार नाही.

आता लढाई संपत आली असं म्हणतात. 2025 च्या ऑक्टोबरात भूपती नावानं ओळखला जाणारा मोठा नेता साठेक साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढं शस्त्रं टाकून आला. रस्ते होत आहेत, मोबाइलचे मनोरे उभे राहत आहेत, आजारी बाईला खाटेवर टाकून पंधरा किलोमीटर न्यावं लागत नाही. ज्यानं ती खाट खांद्यावर घेतली आहे तो याला नावं ठेवणार नाही. पण सूरजागडची धूळही रस्त्यानंच येते. 2016 च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली सत्तर-ऐंशी वाहनं जाळली होती, तेव्हा "पाहा, जंगल वाचलं" म्हणणारे होते. पाच वर्षांनी खाण जोरात सुरू झाली, आणि 2025 मध्ये तिच्या पुढच्या प्रकल्पासाठी नऊशेहून जास्त हेक्टर वनजमीन आणि लाखावर झाडं तोडायला केंद्राची मंजुरी आली. भीतीनं अडवून धरलेलं काम भीती गेल्यावर तिप्पट वेगानं झालं. भीतीला वारस नसतो.

याच जिल्ह्यात, याच वर्षांत, दुसऱ्याही प्रकारे रान राखलं गेलं. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 27 एप्रिल 2011 ला बांबूच्या वाहतुकीचा पास गावाच्या हाती आला. पुढं जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. कुठल्या कंपार्टमेंटमध्ये यंदा बांबू तोडायचा, कुठं नाही, आग कोण राखणार, हे गाव बसून ठरवतं. भांडणं होतात, पैशाचे घोळ होतात, सगळं गोजिरं नाही. पण तिथं रानात रोज कोणीतरी फिरतं आणि काय आहे, काय नाही, ते बैठकीत सांगतं.

आज्याच्या लोकांना मात्र हा कायदाही लागत नाही. वनहक्काच्या दाव्याला 13 डिसेंबर 2005 ही तारीख आहे. त्या दिवशी जमीन तुमच्या ताब्यात असायला हवी. जुडूम सुरू झालं जून 2005 मध्ये. जे आधी पळाले ते त्या तारखेला आपल्या शेतात नव्हते आणि नव्या जागी नुकते पोचले होते. जे नंतर पळाले त्यांना नवी जागा धरायलाच उशीर झाला. बेकायदा उठवलेल्यांसाठी कायद्यात एक कलम आहे, पण कुठून उठलो याचा कागद कोणाकडं? त्याचा भाऊ अजून गोदावरीकाठीच आहे, आता त्या भागाला तेलंगण म्हणतात. त्याच्या नातवांना जातीचा दाखला मिळवताना नाकी नऊ येतात.

आजा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा नातू, तोच बिनदाखल्याचा पोरगा, आता भामरागडला मोटारसायकल दुरुस्त करतो. मागच्या उन्हाळ्यात तो नदी ओलांडून जुनं गाव पाहून आला. मला मोबाइलवर फोटो दाखवले. घरांच्या जागी लँटाना माजला आहे, शेतात ऐन आणि धावड्याची डोक्याच्या वर गेलेली झाडं आहेत. वरून उपग्रहानं पाहिलं तर चांगलं जंगल दिसेल. त्यांची मोहाची झाडं त्यानं ओळखली, आज्यानं खुणा सांगून ठेवल्या होत्या. खाली फुलांचा सडा पडला होता आणि त्यात अस्वलाची ताजी विष्ठा होती.

"म्हशी दिसल्या का रे?" मी विचारलं.

"ठसे दिसले गुरुजी. मोठे होते. पर रानातली का घरची, ते नाही समजलं."